कासदाह टाळता येतो

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्या तालुका पातळीवरील एकत्रित शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



जनावरांच्या आजाराविषयी बोलण्यासाठी पशुवैद्यकाऐवजी माझ्यासारखा कलाशाखेचा पदवीधर उभा राहिलेला पाहून आपणांस नवल वाटले असेल. ते साहजिकच आहे. औषधाची मात्रा सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ती मी सांगणारही नाही. परंतु या विषयासंबंधी पशुवैद्यकांशी जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी निम्म्याहून अधिक कारणांचा संबंध औषधाच्या बाटलीशी नसून माणसांच्या सवयींशी आहे. सवयी बदलण्याचे काम एकट्या पशुवैद्यकाचे नव्हे, ते आपणा सर्वांचे आहे. म्हणून हे धाडस करीत आहे.

आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी संकरित गायींच्या वाटपाची यशोगाथा लिहिण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. ज्या बाईंच्या घरी गेलो, त्यांचा गोठा लहानसाच पण नीटनेटका दिसत होता. गाय काळीपांढरी, उंचीपुरी. छायाचित्रे काढून झाली, चहा झाला आणि निघताना बाई सहज म्हणाल्या, “साहेब, चार सडांची गाय घेतली, पण दूध तीनच सडांचं मिळतंय बघा. मागला एक दगडीनं गेला. कुणाची दृष्ट लागली, देवाला ठाऊक.” मी ते ऐकले, मान हलविली आणि वहीत लिहिले नाही. यशोगाथेत ते वाक्य बसत नव्हते. पुढच्या वेतात दुसराही सड गेल्याचे आणि गाय बाजारात कवडीमोलाने विकली गेल्याचे मला वर्षभराने कळले. कर्जाचे हप्ते मात्र उरले होते. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या न लिहिलेल्या वाक्याची भरपाई आहे, असे समजावे.

दगडी म्हणजे काय?

आपल्याकडे या रोगाला दगडी किंवा काससुजी म्हणतात. पुस्तकी नाव कासदाह किंवा स्तनदाह. कास दगडासारखी घट्ट होते म्हणून दगडी. नाव अगदी चपखल आहे, परंतु त्यातच एक धोका आहे. कास दगडासारखी झाल्यावरच आपण रोगाला ओळखतो आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

हा रोग दोन रूपांनी वावरतो. एक उघड रूप. कास सुजते, गरम लागते, गाय हात लावू देत नाही, दुधात गुठळ्या येतात, कधी दूध पाण्यासारखे होते, कधी त्यात रक्त दिसते. काही प्रकारांत गाय काही तासांतच आडवी होते. दुसरे रूप सुप्त. त्यात कास निरोगी दिसते, दूधही पांढरेशुभ्र दिसते, मात्र आत जंतूंनी ठाण मांडलेले असते. उघड रोगाची एक गाय सापडते, तेव्हा तिच्यामागे सुप्त रोगाच्या कित्येक गायी असतात, असा जगभरच्या दुग्धव्यवसायाचा अनुभव आहे.

सुप्त रोगात दूध कमी होते, दुधातील शर्करा आणि केसिन हे प्रथिन घटते, मिठाचे प्रमाण वाढते. चव किंचित खारट लागते. आपल्या राज्यात गायीच्या दुधाचा भाव ३.५ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ या प्रमाणावर ठरत आला आहे. संकलन केंद्रावर दुधाची “डिग्री” लागत नाही म्हणून ज्याचे दूध परत येते, त्याच्यावर पाणी घातल्याचा संशय घेतला जातो. कधी कधी खरी चूक त्या घराच्या नियतीत नसते, गायीच्या कासेत असते. ही गोष्ट केंद्रचालकांनी आणि पंचांनी अवश्य लक्षात ठेवावी.

रोग आत शिरतो कसा?

कासेचे चार कप्पे असतात आणि ते एकमेकांपासून पूर्णपणे अलग असतात. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक कप्प्याला एकच दार, ते म्हणजे सडाच्या टोकाचे छिद्र. तेथून आत जाणारी नळी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची. एरवी ती स्नायूंच्या कड्याने आवळलेली असते आणि तिच्या आतल्या बाजूला मेणासारखा थर असतो. हाच गायीचा दरवाजा आणि हाच तिचा पहारेकरी.

धार काढल्यावर मात्र हे दार लगेच बंद होत नाही. ते पुरते आवळले जाण्यास अर्धा तास ते तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. नेमक्या याच वेळी दमलेली गाय शेणामुतात बसली, तर उघड्या दारातून जंतू आत जातात. अनुकूल परिस्थितीत शेणातील जंतू दर २० मिनिटांस दुप्पट होऊ शकतो. शिक्षक मित्रांनी हे गणित मुलांना घालून पाहावे. या हिशेबाने एका जंतूचे सहा तासांत २ लाख ६२ हजारांहून अधिक जंतू होतात. सकाळच्या धारेनंतर शिरलेला जंतू दुपारपर्यंत काय करू शकतो, हे यावरून दिसेल.

जंतूंचेही ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. काही जंतू आजारी कासेत राहतात आणि धार काढणाऱ्याच्या हातातून, फडक्यातून किंवा यंत्रातून दुसऱ्या गायीकडे जातात. काही जंतू शेण, चिखल, ओले अंथरूण आणि घाण पाणी यांत वाढतात व तेथून सडाला लागतात. पहिल्यांचा बंदोबस्त हातांच्या स्वच्छतेने आणि दुसऱ्यांचा कोरड्या गोठ्याने करावयाचा असतो. दोहोंपैकी एकच केले, तर रोग अर्धाच अडतो.

गायीकडील कारणे

काही गायींना हा धोका मुळातच अधिक असतो. पहिलारू गायीपेक्षा तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेताच्या गायीला तो अधिक, कारण वयाबरोबर सडाचे कडे सैल होते. लोंबती कास आणि जमिनीजवळ येणारे सड लवकर मळतात, लवकर दुखावतात. सडाला चीर, जखम किंवा फोड असल्यास तेथे जंतूंना आयताच थारा मिळतो. जिला पूर्वी एकदा दगडी होऊन गेली, तिला ती पुन्हा होण्याचा संभव मोठा. आणि जास्त दूध देणाऱ्या संकरित गायी आपल्या खिल्लार, देवणी, डांगी किंवा लाल कंधारी गायींपेक्षा या रोगाला अधिक बळी पडतात.

याचा अर्थ संकरित गाय वाईट, असा कोणी घेऊ नये. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली आणि १९७० साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली. त्यानंतरच्या काळात संकरित गायीने अनेक कोरडवाहू घरांत रोजचा पैसा आणला. मात्र जास्त दूध देणारी गाय म्हणजे अधिक जपणूक मागणारी गाय. आपण गाय दिली, पण जपणुकीची विद्या तिच्याबरोबर सर्वत्र पोहोचविली असे म्हणता येणार नाही.

धोक्याचा काळही ठरलेला असतो. गाय आटविल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस, विण्यापूर्वीचे पंधरा दिवस आणि विण्यानंतरचा पहिला महिना हे तीन टप्पे सर्वांत नाजूक. आटविल्यावर सडाच्या नळीत नैसर्गिक बूच तयार होते. ते तयार होण्यापूर्वी आणि विण्याच्या सुमारास ते सैल झाल्यावर दार पुन्हा उघडे पडते. विण्याच्या वेळी गायीची प्रतिकारशक्तीही उतरलेली असते. परंतु आपल्याकडे भाकड गायीची रवानगी बहुधा गोठ्याच्या सर्वांत ओल्या कोपऱ्यात होते आणि आंबोण बंद केले जाते. दूध देत नाही तिला कशाला खाऊ घालावयाचे, हा हिशेब पुढच्या वेतात महाग पडतो.

आहाराचाही येथे संबंध आहे. ‘ई’ आणि ‘अ’ जीवनसत्त्वे, सेलेनियम, जस्त, तांबे यांची उणीव असली की कासेचे संरक्षण दुबळे होते. आपल्या ऊसपट्ट्यात महिनोन्‌महिने वाढ्यांवरच जनावरे ठेवली जातात. वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे चाऱ्यातील कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम कमी पडलेल्या, दुग्धज्वर झालेल्या गायीच्या सडाचे स्नायू नीट आवळत नाहीत आणि ती बसूनही अधिक राहते. म्हणजे दार उघडे आणि बैठक ओली, अशी दुहेरी आपत्ती. वाढे देऊच नयेत असे नाही. त्यांच्या जोडीला अन्य हिरवा चारा, कडबा आणि क्षारमिश्रण असावे, इतकेच.

गोठ्यातील कारणे

आषाढ-श्रावणात दगडीच्या तक्रारी वाढतात, हा पशुवैद्यकीय दवाखान्यांचा नेहमीचा अनुभव. ओल, उकाडा, माश्या आणि चिखल यांचा तो परिणाम आहे. मूत्र वाहून जाण्यास उतार नसणे, फरशीत खड्डे पडणे, दाराशीच उकिरडा असणे, थोड्या जागेत अधिक जनावरे बांधणे ही कारणे डोळ्यांना दिसतात, पण सवयीमुळे खटकत नाहीत.

अलीकडच्या काळात पश्चिम महाराष्ट्रात मुक्त गोठ्याची पद्धत चांगली रुजली आहे. गाय मोकळी फिरते, स्वच्छ जागा निवडून बसते, हा तिचा मोठा लाभ. परंतु मुक्त गोठा कोरडा असेल तोवरच मुक्त; पावसाळ्यात त्याचा राडा झाला, तर बांधलेल्या गायीपेक्षाही तिची कास अधिक मळते. छपराखालील उंच, कोरडी बसण्याची जागा ही त्या पद्धतीची अनिवार्य अट आहे.

हातातील कारणे

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. धार कशी काढतात, हे जवळून पाहिल्यास पुढील गोष्टी हमखास दिसतात.

एक, अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड रगडणे. यामुळे सडाच्या आतील नाजूक अस्तर दुखावते. पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट आवळीत धार काढणे ही योग्य रीत. आखूड सडांच्या गायीलाच चिमटीचा आधार घ्यावा, तोही ओढाताण न करता.

दोन, दुधात किंवा फेसात बोटे बुडवून सड ओले करणे, अथवा तेल-तुपाचा हात लावणे. एका सडाचे जंतू चारही सडांना पोहोचविण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तीन, सर्व गायींना एकच फडके. सकाळी धुतलेले ते फडके तिसऱ्या गायीपर्यंत जंतूंचे वाहन होते. प्रत्येक गायीला वेगळे स्वच्छ फडके किंवा कागद वापरावा. बादलीभर पाणी कासेवर ओतून ती तशीच ओली ठेवणे हेही वाईट, कारण मळके पाणी निथळून सडाच्या टोकाशी येऊन थांबते. फक्त सड धुवावेत आणि ते पूर्ण कोरडे करावेत.

चार, पहिल्या धारा जमिनीवर सोडणे. त्या काळ्या कापडावर किंवा काळ्या बुडाच्या भांड्यात सोडल्या, तर गुठळी तत्काळ दिसते आणि गोठाही दूषित होत नाही.

पाच, आजारी गायीची धार मध्येच काढणे. क्रम असा असावा : प्रथम पहिलारू आणि निरोगी गायी, नंतर पूर्वी रोग होऊन गेलेल्या आणि अगदी शेवटी आजारी गाय. यंत्राने दूध काढणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा, रबरी नळ्या वेळेवर बदलाव्यात आणि हवेचा दाब तपासून घ्यावा.

सहा, दूध कासेत शिल्लक ठेवणे किंवा वेळा बदलत राहणे. सड धुतल्यावर गाय पान्हा सोडते; त्याचा जोर पाचसात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात शांतपणे धार संपवावी. मारझोड, आरडाओरड केल्यास ती पान्हा चोरते.

आणि सातवी गोष्ट, बिनखर्चाची. आंबोण किंवा चारा धारेच्या आधी न देता धारेनंतर द्यावा. गाय खाण्यात गुंतून अर्धापाऊण तास उभी राहते आणि तेवढ्यात सडाचे दार मिटते. शिवाय धार संपताच आयोडीनच्या सौम्य द्रावणात प्रत्येक सड बुडविल्यास टोकाशी राहिलेले जंतू मरतात. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात संशोधकांनी कासदाहाच्या नियंत्रणाची पाच कलमे मांडली : धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे, उघड रोगावर त्वरित उपचार, भाकड काळातील उपचार, वारंवार रोग होणाऱ्या गायी कळपातून काढणे आणि यंत्राची निगा. पुढे पर्यावरणातील जंतूंसाठी त्यांत गोठ्याच्या कोरडेपणाची भर पडली. यांतील सड बुडविण्याचे कलम आपल्या दोन गायींच्या गोठ्यातही उद्यापासून पाळता येण्याजोगे आहे.

सुप्त रोग ओळखावा कसा?

१९५७ साली अमेरिकेत शाम आणि नूरलँडर यांनी एक साधी चाचणी शोधली. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढण्यासाठी पांढऱ्या पेशी धावून येतात. निरोगी कासेच्या दुधात त्या दर मिलिलिटरमागे साधारणपणे एक लाखाच्या आत असतात; दोन लाखांच्या वर गेल्यास रोगाचा संशय घेतात. साबणासारखे द्रव्य मिसळले की या पेशी फुटतात आणि दूध दाट, चिकट होते. यासाठी तयार द्रावण मिळते. ते नसल्यास अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची भुकटी विरघळवून घ्यावी. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घेऊन तितकेच द्रावण घालावे आणि वाटी मिनिटभर गोल फिरवावी. मिश्रण पातळ राहिले तर ठीक. घट्ट झाले तर पशुवैद्यकाला कळवावे. चिकाच्या दिवसांत आणि गाय आटण्याच्या सुमारास ही चाचणी फसवी ठरते, हे ध्यानात असावे. चाचणीचे दूध अर्थातच फेकून द्यावे.

औषधाविषयी एक इशारा

अर्धवट उपचार हा स्वतःच एक धोका आहे. शेजाऱ्याने दिलेली नळी सडात चढविणे, दोन दिवसांत सूज उतरली म्हणून औषध थांबविणे, अस्वच्छ हाताने नळी घालून नवे जंतू आत ढकलणे, हे प्रकार सर्रास चालतात. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तेच जंतू पुढे माणसांच्या आजारातही औषधांना निकामी करू शकतात. शक्य तेथे उपचारापूर्वी दुधाचा नमुना तपासणीस पाठवावा आणि उपचार पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे पुरा करावा. युरोपीय संघात भाकड काळात सरसकट सर्व गायींना प्रतिजैविके देण्याची रीत जानेवारी २०२२ पासून बंद झाली आहे. निवड करून, गरज पाहून औषध द्यावे, ही आजची दिशा आहे.

उपचार चालू असताना आणि पशुवैद्यकाने सांगितलेले त्यानंतरचे दिवस संपेपर्यंत त्या गायीचे दूध, चारही सडांचे, केंद्रावर घालू नये. उकळल्याने जंतू मरतात, परंतु औषधाचा अंश जात नाही, आणि काही जंतूंनी दुधात सोडलेले विषही उकळल्याने नष्ट होत नाही. अशा दुधाचे दहीही नीट लागत नाही. एका घराचे दूध टाकीतील शेकडो लिटर दुधात मिसळते, म्हणून हा एका घराचा खासगी प्रश्न राहत नाही. मात्र हे सांगताना आपण एवढेही मान्य केले पाहिजे की, आठवडाभर दूध ओतून देणे हातावर पोट असलेल्या घराला परवडत नाही. म्हणूनच उपचारापेक्षा प्रतिबंधावर भर द्यावयाचा.

आपण काय करावे?

पंचायत सदस्यांनो, सार्वजनिक निधीतून गोठे बांधले जातात तेव्हा छपराच्या पत्र्याबरोबर फरशीचा उतार आणि मुताची नाली यांचीही मोजणी करा. वस्तीतील सांडपाणी गोठ्यांत शिरत असेल, तर ते काम आधी घ्या. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय दहा मिनिटांसाठी तरी ठेवा.

शिक्षकांनो, वाटीतली ती चाचणी विज्ञानाच्या तासाला दाखविण्यासारखी आहे. मूल घरी जाऊन आईला सांगेल, ते आमच्या दहा पत्रकांनी साधणार नाही.

आणि माझ्या अधिकारी मित्रांनो, आपली प्रशिक्षणे दुपारी बारा वाजता होतात आणि त्यांना पुरुष मंडळी येतात. बहुसंख्य घरांत गोठ्याचे काम, शेणकूर आणि धार बायका करतात. ज्या हातांत सड आहे, त्या हातांपर्यंत माहिती पोहोचली नाही, तर हजेरीपटावरील आकड्यांना काय अर्थ? प्रशिक्षण गोठ्यात, धारेच्या वेळी, त्या घरातील बाईसमोर झाले पाहिजे. गाय वाटपाच्या यादीबरोबर अशा प्रशिक्षणाची यादीही जोडली जावी, अशी माझी विनंती आहे.

त्या बाईंनी दृष्टीला दोष दिला, कारण दुसरे कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. गाय देणाऱ्याने सांगितले नाही, कर्ज देणाऱ्याने सांगितले नाही आणि मी तर लिहूनही घेतले नाही. त्यांचा गोठा स्वच्छ होता, कष्टांत उणीव नव्हती. धारेनंतर आंबोण द्यावे, अंगठा दुमडू नये, सड कोरडे करावेत, एवढे कळले असते, तर कदाचित तो सड वाचला असता आणि ती गायही.

यापुढे यशोगाथा लिहावयास गेलो, तर छायाचित्र काढण्यापूर्वी गाय चारही सडांनी दूध देते काय, हे मी विचारीन आणि मिळेल ते उत्तर छापीन. आपणही आपापल्या गावी हा एक प्रश्न विचारावा.